देवळालीला जाण्याआधी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुला तोफखाना मिळाल्याचं कळलं आणि रात्री झोपच आली नाही. 2023 साली पहिल्या पाच मुली तोफखान्यात अधिकारी झाल्या, ती बातमी तू मला किती अभिमानाने वाचून दाखवली होतीस! आता तूच देवळालीच्या तोफखाना शाळेत निघालीस. म्हणून कारगिलबद्दल घरात कधी नीट न बोललेलं आज लिहितो.

1999 च्या जूनमध्ये मी कॅप्टन होतो. द्रास भागात पायदळाच्या एका कंपनीबरोबर ओपी ऑफिसर म्हणून, म्हणजे पुढून गोळे कुठे पडतात ते पाहून मागच्या तोफांना दुरुस्ती सांगणारा अधिकारी म्हणून, चढत होतो. माझ्याजवळ दुर्बीण, नकाशा आणि रेडिओ सेट. तोफा मागे खाली, श्रीनगर-लेह रस्त्याच्या आसपास. शत्रू वरून तो रस्ता उघडा पाहत होता, त्यामुळे आपल्या तोफांवरही गोळे येत. तिथल्या गनर्सचं कौतुक फार कमी झालं असं मला वाटतं. बोफोर्सचा 155 मिलिमीटरचा गोळा 40 किलोहून जड. तो विरळ हवेत रात्रभर उचलायचा म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

सपाटीवर गोळा थोडा मागेपुढे पडला तरी दुरुस्ती करता येते. डोंगराच्या धारेवर तसं नसतं. किंचित आखूड पडला तर उतारावर चढणाऱ्या आपल्याच जवानांवर, किंचित लांब गेला तर धार ओलांडून पलीकडच्या दरीत. त्यात हवा विरळ, म्हणून गोळा मैदानापेक्षा दूर जातो. वारा, तापमान, बारुदाची उष्णता हे सगळं गणितात धरावंच लागतं. देवळालीत फायरिंग टेबल, म्हणजे नेमाच्या हिशोबाचे तक्ते, शिकवतील तेव्हा कंटाळू नकोस, बाळा. त्या आकड्यांखाली माणसं चढत असतात.

शेवटच्या चढावर आमच्या कंपनीचे सुभेदार साहेब सरपटत माझ्यापाशी आले. म्हणाले, गोळे आणखी जवळ आणा. तिथून शत्रूचा बंकर अगदी जवळ होता. गोळे थांबले की शत्रू डोकं वर काढणार आणि मशीनगन सुरू होणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणून आपल्याच गोळ्यांच्या किरचांखाली पडून राहायला ते तयार होते. मी दुरुस्ती सांगितली, रेडिओवर मागून ‘शॉट’, म्हणजे गोळा सुटला, असं ऐकू आलं, आणि गोळा पडेपर्यंतचे ते काही सेकंद मला अजून आठवतात. पहाटे शिखर हाती आलं. कंपनीतले सगळे वर पोहोचले नाहीत.

कारगिलमध्ये आपले 527 जण गेले. तोफखान्याचं नाव झालं ते योग्यच झालं, पण मी त्या रात्री जे पाहिलं ते पायदळाच्या विश्वासाचं बळ होतं. सुभेदार साहेबांनी माझ्या मागच्या तोफा कधी पाहिल्या नव्हत्या, तो हिशोब करणाऱ्या पोरांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती.

कोर्समध्ये संधी मिळेल तेव्हा पायदळाबरोबर ओझं घेऊन चढ. त्यांची दमछाक तुला माहीत असायला हवी.

रविवारी फोन कर. गणितात काही अडलं असेल तर वही समोर घेऊन बस, मी सांगतो.

तुझा,
बाबा