घरशिक्षण : पालकांना नियम लेखी कळावेत

महोदय,

आमच्या चोपडा तालुक्यात मळ्यात राहणारे एक दाम्पत्य मुलीला घरीच शिकवते; केळीच्या घडावरच्या फण्या मोजत ती गुणाकार शिकली, तिच्या तारीखवार वह्या मी स्वतः पाहिल्या आहेत. तरीही शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी कोणी दारात आले, की आईचा चेहरा उतरतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १० सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवते; मात्र त्यात पालकांना शिक्षेची तरतूद नाही आणि घरशिक्षणाचा उल्लेखही नाही. मध्येच शाळेत जायचे ठरल्यास कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि पात्रतेच्या अटी पूर्ण होत असल्यास बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीही देता येते, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. शिक्षण विभागाने हे तालुका पातळीवर लेखी जाहीर करावे.

– एक निवृत्त शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)