नालबंद चाचांस, चांदणीच्या घरून

चाचा, सलाम.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. नातू मोबाईलवर वाचून दाखवेल, म्हणून इथेच लिहिते. शिवाय वरातीची घोडी पाळणाऱ्या आणखी चार घरांच्या नजरेस पडलं तर बरंच.

आखजीच्या तीन दिवस आधीची ती सकाळ. आदल्या संध्याकाळी चांगली चालत घरी आलेली चांदणी उठली, ती पुढचा उजवा पाय टेकवेचना. दर्यापूरच्या बाजूला तीन वराती घेतलेल्या, इसार घरात खर्चून झालेला. बुकिंगच्या वहीत नाव यांचं, पण शेण-पाणी-चंदी माझ्याकडे. त्यामुळे सगळ्यांची बोटं आधी माझ्याकडे वळली. एकानं सांगितलं खांदा उतरला, दुसऱ्यानं गुडघा. तिसऱ्यानं तर सळई तापवायला घेतली होती. डाग दिला की मोकळी होते म्हणे. मी काय केलं तेही सांगून टाकते. हळद-तेल गरम करून गुडघ्याला चोळत बसले. गुडघ्याला सूज नव्हती, पण हाताला काहीतरी काम हवं होतं ना.

तुम्ही लुनावरून उतरलात आणि खांद्याकडे पाहिलंही नाही. उलट्या हातानं चारही खूर चाचपले. "याले हात लावून पाहा बाई," म्हणालात. तीन खूर थंड, चौथा चुलीजवळच्या भांड्यासारखा गरम. मग घोट्याच्या मागच्या बाजूला माझी दोन बोटं ठेवून दाबायला लावलीत. चांगल्या पायात ती नाडी शोधून शोधून सापडते. त्या पायात घड्याळासारखी टकटक करत होती. तेवढ्यात मला कळलं की दुखणं खाली खुरात आहे आणि आम्ही वर वर शोधतोय.

मग हातोडीनं एकेक खिळा हलकाच ठोकून पाहिलात. बाहेरच्या बाजूच्या तिसऱ्या खिळ्याला चांदणीनं पाय असा हिसकला, की मी भिंतीवर गेले. ती नाल तुमच्या हातची नव्हती. तुम्ही परगावी होता, म्हणून आठवड्यापूर्वी आम्ही दुसरीकडून घाईत ठोकून घेतली होती. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर त्या माणसाच्या नावानं अर्धा तास बोलला असता. तुम्ही खिळा उपटला, टोकाचा वास घेतलात आणि तो माझ्या नाकाखाली धरलात. अजून आठवतो तो वास.

तळव्याच्या कडेनं जाणारी फिकट रेघ तुम्ही त्या दिवशी दाखवलीत. तिच्या बाहेरचा खूर म्हणजे आपल्या नखासारखा, खिळा गेला तरी दुखत नाही. रेघेच्या आत गेला की जिवंत मांस. नऊ वर्षं घोडी घरात आहे आणि ती रेघ मी पहिल्यांदा पाहिली, चाचा. आमच्याकडे घोडीचं तोंड, आयाळ, झूल सगळं बघतात. पाय उलटा करून कोणी बघत नाही.

खिळ्याच्या भोकातून काळपट पू निघाला. थोडं कोरून वाट मोकळी केलीत, तशी चांदणीनं टाच हळूच टेकवली. आम्हाला वाटलं झालं, सुटलो. आणि इथंच तुम्ही खूर कोरायची सुरी खाली ठेवलीत. "याच्या पुढं माह्यं काम नाही. दागतर बोलवा. धनुर्वाताची सुई आजच पाह्यजे."

खरं तर याच वाक्यासाठी हे पत्र आहे. हे म्हणाले, चाचा, तुम्हीच मोरचूद भरून द्या ना, दोनशे रुपये जास्त घ्या. तुम्ही नाही म्हणालात. उघड्या मांसावर मोरचूद नाही, फिनाईल नाही, जळकं ऑईल तर मुळीच नाही. १९६२ नंबरवर फोन लावेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. डॉक्टर आले, तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं: धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि घोड्याला तो इतर जनावरांपेक्षा फार लवकर धरतो. खिळ्याचं एवढंसं भोक पुरतं. सुई दिली, जखम धुतली, कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट टाकून पाय बुडवायला सांगितला. पट्टीवर लहान पोरांचा डायपर आणि त्यावर ट्यूबचा तुकडा, ही युक्ती मात्र तुमची. डॉक्टर हसले, पण ठेवा म्हणाले.

तीनही वराती गेल्या. इसार परत करताना यांचं तोंड कसं झालं होतं, ते तुम्ही पाहिलंय. दुखण्याची गोळी देऊन एक तरी वरात उरकू, असं यांच्या मनात होतं. "गोळीनं दुखनं लपते बाई, खूर नाही बरा होत," हे तुम्ही यांना ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगितलंत. त्याबद्दल वेगळे आभार. माझं त्यांनी ऐकलं नसतं.

पावसाळ्यात तुमची दुसरी शिकवण कामी आली. आपली काळी माती खुरात अशी बसते की सिमेंट बरं. तुम्ही दिलेल्या हुकानं रोज संध्याकाळी टाचेकडून टोकाकडे खूर काढते. श्रावणात एके दिवशी मागच्या पायाच्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचेत काळं, चिकट आणि तसंच घाण वासाचं काहीतरी लागलं. लंगडत नव्हती, म्हणजे वेळेत सापडलं. गोठ्यातली मुताची जागा खरडून सुकी रेती टाकली, खाच धुऊन-पुसून आयोडीन लावलं, आणि सुटलेले पोपडे कापायला तुम्हाला बोलावलं. दोन आठवड्यांत वास गेला. हुकापेक्षा कोरडी जमीनच जास्त कामाची निघाली.

वरातीतल्या बुंदीचं मात्र माझं चुकतच होतं. नवरदेवाकडचे प्रेमानं पत्रावळभर खाऊ घालायचे, उरलेला भात-पोळी मीच घरी टाकायचे. जास्त दाणा आणि गोड पोटात गेलं की खूर आतून सुजतो, हे तुम्ही सांगेपर्यंत पोटाचा आणि खुराचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता. तेव्हा बहुतेक पुढचे दोन्ही पाय धरतात. घोडी ते पुढं टाकून मागं रेलते, वळायला सांगितलं की पाय उचलत नाही. गरम खूर दोन्ही दुखण्यांत, पण खिळ्याच्या गळवाला कोमट पाणी आणि या दुखण्याला बर्फासारखं थंड, तेही डॉक्टर येईपर्यंत. हाड आतून फिरलं तर घोडी कामातून जाते. गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय मी. हे सगळं तुम्ही मला तीन चमचे साखरेच्या चहाचा घोट घेत सांगत होतात, चाचा. चाचीला सांगू का?

खिळ्याचं ते भोक खुराबरोबर खाली सरकत पोळ्याच्या सुमारास तुमच्या कानशीत निघून गेलं. आता सहा आठवडे होत आलेत, टोकं वाढली आहेत. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतील, त्याआधी या. त्या दिवशीचे पैसे तुम्ही घेतले नव्हते, ते डब्यात वेगळे ठेवले आहेत. हूक मात्र परत मागू नका.

तुमची,
चांदणीची मालकीण
(वहीत नाव यांचंच आहे अजून)