अण्णांना पत्र : बोटीच्या नव्या कप्प्या

बर्कली, कॅलिफोर्निया
१५ जून

ती. अण्णा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर आईनं विचारलं, जुन्या बोटीवर एवढा खर्च कशाला? आणि अण्णा, तुम्ही विचारलंत, नक्की काय बदललंस? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर नीट सांगता येईना. तुमचा उभा जन्म उद्यमनगरात लेथपुढे गेला, तेव्हा तुम्हाला सगळं सविस्तरच सांगायला हवं.

आमची बोट कॅटलिना २२. लांबी साडेएकवीस फूट. फ्रँक बटलर यांनी काढलेलं हे डिझाइन १९६९ साली बाजारात आलं आणि पुढं अशा पंधरा हजारांहून जास्त बोटी बनल्या, त्यामुळं सुटे भाग अजून मिळतात. मोठं शीड साधारण शंभर चौरस फुटांचं. त्याची खालची कड बूम नावाच्या आडव्या अॅल्युमिनियमच्या नळीला धरलेली असते, आणि बूमचं टोक एका दोरीनं बोटीच्या मागच्या भागाशी जोडलेलं असतं. हीच मेनशीट. ती ओढली की शीड आत येतं, सैल सोडली की बाहेर जातं.

आता भार बघा. वारा वीस नॉट, म्हणजे ताशी सदतीस किलोमीटर असला तर बूमच्या टोकाशी माझ्या हिशेबानं एकशे चाळीस किलोच्या आसपास ओढ येते. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट. दोरी कप्प्यांमधून चार फेऱ्यांत ओवलेली, म्हणून हाताला पस्तीस किलो यायला हवेत. पण जुन्या कप्प्यांची चाकं नुसत्या पिनेवर घासत फिरायची, आणि तसलं चाक दहाएक टक्के जोर खाऊन टाकतं. चारही चाकांचा हिशेब मांडलात तर चार फेरे जेमतेम तिनाचं काम करतात. तिथं पस्तीसचे पंचेचाळीस किलो होतात.

ओढायचं एक वेळ सोसता येतं. दोन हात लावायचे, पाय टेकवायचा. मला खुपत होतं ते सोडणं. घर्षण दोन्ही बाजूंनी आडवं येतं, ओढताना तसं सोडतानाही. इथं उन्हाळ्यात आतल्या खोऱ्यात कडक तापतं, ती गरम हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या खिंडीतून आत खेचली जाते. बर्कली बरोबर त्या खिंडीच्या समोर. दुपारनंतर वीस नॉट रोजचेच, आणि मध्येच जोराचा झोत येतो. झोत आला की बोट एका अंगाला कलते, आणि त्या क्षणी मेनशीट सोडली की शिडातला वारा निघून जातो, बोट सरळ होते. दोरी अडकत अडकत सुटली तर तेवढा वेळ बोट कललेलीच. इथलं पाणी भर उन्हाळ्यातही गारच असतं. आई, खर्च यासाठी केला.

नव्या कप्प्या बॉल बेअरिंगच्या आहेत. कंपनी हार्कन, विस्कॉन्सिनमधली. पीटर आणि ओलाफ या दोन भावांनी १९६७ साली काढली. ओलाफ २०१९ मध्ये गेले. यातल्या गोळ्या प्लॅस्टिकच्या आहेत, हे वाचून तुमच्या कपाळाला आठी पडणार. मीही एक कप्पी हातात घेऊन बराच वेळ चाक फिरवत बसलो होतो. गोळ्या हलक्या, खाऱ्या पाण्यात गंजत नाहीत, आणि ग्रीस अजिबात लावायचं नाही. ग्रीसला धूळ आणि मीठ चिकटतं. गोड्या पाण्यानं धुवायचं, बस्स. बोटानं टिचकी मारली तर चाक आवाज न करता गरगर फिरत राहतं.

सहा फेऱ्यांचा संच घ्या असं दुकानात सांगत होते. मी घेतला नाही. ओढायला हलका पडतो खरा, पण दोरी दीडपट लागते आणि तेवढीच सुटावी लागते. मंद वाऱ्यात बूमला एवढी दोरी ओढून बाहेर जाणं जमत नाही. चार फेरेच ठेवले, कप्प्या चांगल्या घेतल्या, आणि दोरी जाड होती ती बदलून दहा मिलिमीटरची पॉलिएस्टरची घातली. माझ्या मते छोट्या बोटीला हेच योग्य.

बसवण्याचं काम तुमच्याच हातचं होतं. मागच्या बाजूला खालची कप्पी अडकते ती कडी नुसत्या स्क्रूंवर होती. ती काढून आरपार ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घातले आणि आतून जाड अॅल्युमिनियमची पट्टी दिली, म्हणजे ओढ फायबरच्या एका ठिपक्यावर येत नाही. प्रत्येक भोकाच्या तोंडाला थोडी खाच पाडून ब्युटाइल रबराची चिकट पट्टी दाबली. बोल्ट आवळला की ती खाचेत दबते आणि पाणी आत जात नाही. बूमवर स्टीलचे स्क्रू अॅल्युमिनियममध्ये जातात, आणि खाऱ्या हवेत या दोन धातूंचं पटत नाही; पांढरी पूड धरते आणि स्क्रू कायमचा अडकतो. म्हणून आट्यांना त्यासाठीची खास पेस्ट लावली.

खालच्या कप्पीवरच दातांचे दोन जबडे आहेत, दोरी त्यात धरून राहते. वर झटका दिला की सुटते. सई अकरा वर्षांची, तिला जुनी दोरी भरल्या वाऱ्यात सोडवायला जमायची नाही. आता ती एका हातानं सोडते, आणि झोत येताना पाण्यावर काळपट पट्टा दिसला की मला आधी तीच सांगते.

तुम्ही सप्टेंबरात यावं असं मृणाल म्हणते. तेव्हा वारा उतरतो, धुकंही कमी असतं. आईनं बोटीत बसलंच पाहिजे असं नाही, धक्क्यावरून सगळं दिसतं.

अण्णा, एक विचारायचं राहिलं. बूमवरच्या एका भोकाचे जुने आटे पार गेलेत. नळीची जाडी तीन मिलिमीटरसुद्धा नाही. मोठा टॅप मारून जाड स्क्रू घालू, की आतून नट धरून आरपार बोल्ट टाकू? फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, बघून सांगा. तोवर त्या भोकाला हात लावत नाही.

आपला,
निखिल