आठ, आठ, आठ : शालेय शिक्षणमंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

सादर नमस्कार. आपण कामात असाल, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

शाळेबाहेर, घरी शिकलेली आमची एक विद्यार्थिनी यंदा 17 नंबरचा, म्हणजे खासगी विद्यार्थ्यांचा, फॉर्म भरून दहावीला बसली. निकाल बघून शंका आली, म्हणून उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मागवल्या आणि एकूण गुणांतून लेखी गुण वजा केले. विज्ञान लेखी 80 पैकी 71, प्रात्यक्षिक 20 पैकी 8. गणित लेखी 74, अंतर्गत 8. मराठीची तोंडी 8, हिंदीची 8, इंग्रजीची 8, सामाजिक शास्त्रे 8. इतकी एकसारखी मुलगी मला तीस वर्षांच्या नोकरीत भेटली नव्हती.

खासगी विद्यार्थ्यांची तोंडी-प्रात्यक्षिके घेणारे संपर्क केंद्र म्हणून तिला जी शाळा मिळाली, तिथे तिची तोंडी परीक्षा झालीच नाही. प्रयोगशाळेचे दार तिने बाहेरूनच पाहिले. सहाशेपैकी 120 गुण शाळेच्या हातात असतात, त्यांतले 72 कोणीतरी बसल्या जागी कापले. जाब विचारायला गेले तर बाबूंनी मान वर न करता विचारले, "मॅडम, हिले शिकवून कोन राहिलं?" मी म्हटले, मी आणि माझे तीन सहकारी. आम्ही ठेवलेल्या प्रयोगवह्या, चाचण्या, तोंडी परीक्षेच्या नोंदी टेबलावर ठेवल्या. त्यांनी शेवटचे पान उलटून बघितले. शिक्का नव्हता. "ट्यूशनवाल्यांचं नाही चालत ना इथं."

ट्यूशनवाल्या. अनुदानित शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेले. निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या, जनगणनेला उन्हातान्हात घरे मोजली, खिचडीच्या तांदळाचा हिशेब ठेवला. तेव्हा मात्र मी सरकारला शिक्षक म्हणून पुरेशी होते.

ही मुलगी घरी का शिकली तेही ऐका. तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. विदर्भात हा आजार काय आहे हे आपल्याला सांगायला नको, निदान सांगायला लागू नये. थंडी वाढली की हाडे ठणकतात, रक्त चढवावे लागते, आठवडा आठवडा अंथरुणात जातो. सातवीत असताना हजेरी भरत नाही म्हणून तिच्या शाळेने आईच्या हाती दाखला दिला. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 16 आठवीपर्यंत कोणाही मुलाला शाळेतून काढू देत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय 2012 च्या दुरुस्तीनेच दिला आहे. कायदे मुबलक आहेत, साहेब. तिच्या आईला ते कोणी सांगितले नाहीत आणि दाखला देणाऱ्याला कोणी विचारले नाही.

मग आम्ही उभे राहिलो. गणिताचे सर सत्तरीकडे झुकलेले आहेत, धरमपेठेहून स्कूटरवर येतात. मराठी-संस्कृतच्या बाई आहेत, इतिहास-भूगोलाचे एक सर आहेत. नोकरीत असलेल्या शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई आहे, शिक्षण हक्क कायद्याचे कलम 28. मनाई रास्तच आहे. पण मग घरी शिकणाऱ्या मुलांना अनुभवी माणूस मिळणार कोण? आमच्यासारखे निवृत्त, नाहीतर नोकरी सोडलेले. आमच्याकडे सिकलसेलची ही एकटीच नाही. बुद्धिबळाच्या स्पर्धांसाठी वर्षातले निम्मे दिवस बाहेर असलेला एक मुलगा आहे, शाळेच्या गोंगाटात कानांवर हात ठेवून बसणारा एक स्वमग्न मुलगा आहे, आणि ज्यांच्या आईबापांनी विचार करून शाळा नाकारली असेही आहेत. कोणी फी देते, कोणी संत्र्यांची पेटी पाठवते. गाडी चालते.

शिकवण्यात मात्र कसूर नाही. मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, इतिहासाचे सर अख्खी दुपार एका शिलालेखापुढे घालवतात. सेमिनरी हिल्सवर मी मुलांना बेसाल्ट हातात घेऊन लाव्हा शिकवते. टाकळीला जीवाश्म शोधणारा हिस्लॉप हा मूळचा मिशनरी आणि शाळा चालवणारा मास्तर होता, हे सांगितले की मुले चकित होतात. (आज तो असता तर त्यालाही शिक्का मागितला असता.) रमण विज्ञान केंद्रातून मुलांना ओढून बाहेर काढावे लागते. चाळीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुलांसमोर हे मला कधी जमले नाही.

गेल्या हिवाळी अधिवेशनात आम्ही निवेदन दिले होते. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ते उभ्या उभ्या वाचले आणि म्हणाले, "मार्चच्या आत परिपत्रक निघेल बाई, खासगी विद्यार्थ्यांची तोंडी आणि प्रात्यक्षिक सक्तीने घ्यायला लावू." मार्च आला, परीक्षा झाली, निकाल लागला. परिपत्रक बहुधा समृद्धी महामार्गावर कुठे चहाला थांबले असेल.

अधिवेशनाचे काय सांगावे! 1953 च्या नागपूर करारापायी दरवर्षी सरकार इथे येते. रस्त्यांवर डांबर पडते, दुभाजक रंगतात, मंत्र्यांच्या रविभवनाला नवे पडदे लागतात. मोर्चेकरी पोलिसांच्या कठड्यांशी घसा फोडत राहतात. आत विदर्भावर चर्चा होते म्हणतात. मग सगळे संत्रा बर्फी घेऊन परत. एके काळी हे शहर राजधानी होते, आता डिसेंबरातले दोन आठवडे तसे भासवले जाते.

आणि शिक्षकाच्या ओळखीचा इतका कडकपणा कोणत्या गावात? ज्या नागपुरात 2025 मध्ये शालार्थ आयडीचा, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठी लागणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकाचा, घोटाळा उघडा पडला त्याच गावात. बोगस आयडीवर शेकडो शिक्षकांचे पगार निघत होते, विशेष तपास पथक नेमावे लागले, अधिकारी अटकेत गेले. त्या सगळ्यांच्या कागदांवर शिक्के होते ना? गोल, निळे, ठळक. आमच्या वहीवर नव्हता, म्हणून आमची मुलगी आठ गुणांची.

दुसरीकडे जुलै 2023 मध्ये आपल्याच विभागाने शासन निर्णय काढला की जिल्हा परिषद शाळांत निवृत्त शिक्षक घ्या, वय सत्तरपर्यंत चालेल, महिना 20,000 रुपये द्या. म्हणजे भरती रखडली की आमचा अनुभव सोन्याचा, आणि तोच अनुभव घरी शिकणाऱ्या मुलीच्या वहीवर उतरला की रद्दी. डी.एड., बी.एड. झालेली पोरे टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा देऊन, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसली आहेत, त्यांच्याकडे तर मला बघवत नाही. मुक्त विद्यालय मंडळही आपल्याकडे आहे, 2020 चे राष्ट्रीय धोरण मुक्त शिक्षण वाढवा म्हणते. वाढवायचे कोणी? त्या बाबूंनी?

मागण्या फार नाहीत. या मुलीची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा त्रयस्थ शिक्षकांसमोर घ्या. अकरावीच्या प्रवेशाच्या याद्या लागण्याआधी घ्या, नंतर घेऊन उपयोग नाही. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक संपर्क केंद्राने खासगी विद्यार्थ्याला तारीख आणि वेळ लेखी कळवावी. गुण देताना शिकवणाऱ्याच्या नोंदी समोर ठेवाव्यात, त्या शिक्षकाने पूर्वी कुठे शिकवले ते तपासावे. माझे सेवापुस्तक सरकारकडेच आहे, उघडून बघा.

उत्तर कृपया टपालाने पाठवा. ऑनलाइन तक्रार करून पाहिली, ती शाळेचा यू-डायस (प्रत्येक शाळेला मिळणारा सरकारी) क्रमांक भरल्याशिवाय पुढे सरकत नाही.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
मानेवाडा, नागपूर