पेणच्या मूर्तिकार काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मातीचं कैलास लेणं अखेर वर्गात येऊन बसलं. खिडकीजवळच्या टेबलावर, ओल्या फडक्यातून बाहेर. अजून तडा नाही!

श्रावणात तुमच्या कारखान्यात आले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. गणपती तोंडावर आलेले, निम्म्या मूर्तींचे डोळे रेखायचे राहिलेले, आणि मी पिशवीतून मोडकं देऊळ काढून तुमच्यासमोर ठेवलं. भिंती वेगवेगळ्या थापून जोडल्या होत्या. सगळे जोड तडकले होते आणि नंदीमंडपाचा पूल तिसऱ्याच दिवशी खाली आला होता. दुसरं कुणी ‘गणपतीनंतर या’ म्हणालं असतं. तुम्ही हात पुसलेत आणि विचारलंत, “वेरूळला हे देऊळ बांधलंय का, बाई?”

इतिहास मी शिकवते, काका. लेणं क्रमांक १६, आठवं शतक, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण. डोंगरात तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला आणि शिखरापासून खाली कोरत आले, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि स्वतः मात्र पायापासून वर लिंपत बसले होते.

“मग लिंपू नका. कोरा.”

पंचवीस किलो शाडू तुम्हीच मळून, आपटून, ठोकळा करून दिलात. देऊळ सुमारे ३० मीटर उंच, आपलं २०० पट लहान, म्हणजे १५ सेंटिमीटर. “घट्ट खरवसासारखी वडी पडली की कोरणी लावा, त्याआधी नाही,” म्हणालात. दोन दिवस मी बोट लावून बघत होते. ओली असली तर कोरणीला चिकटते, वाळली तर खपली उडते. मधले काही तासच आपले.

खरी कसोटी पुढेच होती. शिखराला हात घालतानाच जोत्याचे हत्ती कुठे येणार हे ठरलेलं हवं. शेंगदाण्याएवढे हत्ती, पण त्यांच्यासाठी माती राखून ठेवली नाही तर मागून आणणार कुठून? पुलाखालची माती तर तुम्ही अगदी शेवटपर्यंत काढू दिली नाहीत. “पूल जोडायचा नसतो बाई, ठेवायचा असतो.”

डावीकडचा ध्वजस्तंभ मात्र माझ्या हातून उडालाच. पातळ मातीने चिकटवू का, असं फोनवर विचारलं, तर तुम्ही हसलात. “त्यांना कुठे चिकटवता आलं होतं?” नाही चिकटवला. पहिल्याच तासाला सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, एकच खांब का?” तो तास त्यातच गेला, आणि एरवी मागच्या बाकावर पेंगणारी मुलंही टेबलाभोवती उभी होती.

मातीचे पैसे घेतलेत, वेळेचे काही घेतले नाहीत. हंगामातल्या तुमच्या दुपारची किंमत मला आता कळते. मनापासून आभार.

तुमची बांबूची कोरणी अजून माझ्याकडेच आहे. माघी गणपतीच्या आधी आणून देते.

तुमची,
इतिहासाच्या बाई