तात्पर्याआधी कथा पूर्ण सांगावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीक पुराणकथांचा परिचय करून देणारे लेख अधूनमधून येतात आणि मी ते आवडीने वाचतो. प्रत्येक कथेखाली चौकटीत एका ओळीचे तात्पर्य छापले जाते, त्याविषयी मात्र थोडे लिहावेसे वाटते. इसापाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना तात्पर्य शोभते. तेथेही पुष्कळशी तात्पर्ये नंतरच्या संकलकांनी जोडलेली आहेत, हा भाग वेगळा. ग्रीक पुराणकथा त्या जातीच्या नाहीत. त्यांच्याखाली लिहिलेले तात्पर्य बहुधा लिहिणाऱ्याच्या मनात आधीपासूनच असते. हे मी कोणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही, कारण हीच चूक मी स्वतः अनेक वर्षे केली आहे.

इकॅरसची कथा मी माझ्या मुलाला तो लहान असल्यापासून ऐकवीत आलो. बापाने मेणाने जोडलेले पंख दिले, फार उंच जाऊ नकोस म्हणून बजावले, मुलाने ऐकले नाही, सूर्याच्या उष्णतेने मेण वितळले आणि तो समुद्रात पडला; तेव्हा वडीलधाऱ्यांचे ऐकावे, एवढाच बोध मी त्यातून काढीत असे. पुढे त्याने माझ्या मनाविरुद्ध शिक्षणाची शाखा निवडली, तेव्हा मी हीच कथा त्याला पुन्हा ऐकवली. तो शांतपणे म्हणाला, ‘‘बाबा, पण पंख बांधले कोणी?’’ मला उत्तर सुचले नाही, आणि ते शोधण्यासाठी म्हणून मी रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’चा आठवा खंड अनुवादातून पहिल्यांदा नीट वाचला.

त्यात इकॅरसचा बाप डिडॅलस मुलाला फक्त उंच जाऊ नकोस असे सांगत नाही. फार खाली उडालास तर समुद्राच्या ओलाव्याने पंख जड होतील, फार वर गेलास तर ऊन ते जाळील, म्हणून मधल्या वाटेने चल, असे त्याचे सांगणे आहे. या उपदेशातला पहिला अर्धा भाग मी मुलाला कधीच सांगितला नव्हता. पंख बांधताना बापाचे हात थरथरतात आणि गाल ओले होतात, म्हणजे धोका कोणाला ठाऊक होता, हेही तेथे स्पष्ट आहे. मुलगा गेल्यावर तो स्वतःच्या कारागिरीला शाप देतो. मुलाच्या अवज्ञेला नाही. एवढ्यावर कथा थांबत नाही. दफनाच्या वेळी एक तितर पक्षी आनंदाने पंख फडफडवतो. हा पूर्वीचा डिडॅलसचा भाचा. बारा वर्षांच्या या हुशार मुलाने माशाच्या काट्यावरून करवत शोधून काढली, तेव्हा मत्सराने मामाने त्याला अथेन्सच्या गडावरून ढकलले होते, आणि देवीने त्याला पक्षी करून वाचवले. त्या पडण्याची आठवण राहिल्यामुळे तो पक्षी कधी उंच उडत नाही, असे ओव्हिड सांगतो. ज्या बापाच्या बाजूने मी इतकी वर्षे बोलत होतो, त्याच्या हातून एका मुलाचा असा घात झालेला आहे, हे मला माहीतच नव्हते.

माझ्यासारखेच, पण उलट्या दिशेने वागणारा एक माणूस प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात भेटतो. युथिफ्रो आपल्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला निघाला आहे. एका मजुराने दारूच्या नशेत घरातल्या गुलामाला ठार केले, वडिलांनी त्या मजुराला बांधून खड्ड्यात टाकले, आणि पुढे काय करावे हे विचारायला अथेन्सला पाठवलेला माणूस परत येण्याआधीच तो थंडीने आणि भुकेने मेला. नातेवाईक युथिफ्रोला दोष देतात, तेव्हा तो म्हणतो की, खुद्द देवांचा राजा झ्यूस याने आपल्या बापाला अन्यायाबद्दल बेड्या घातल्याच ना? सॉक्रेटिस त्याला विचारतो की, या गोष्टी खरोखर घडल्या असे तुला वाटते का? मी पुराणकथेतून बापाचा अधिकार काढला, त्याने मुलाचा. त्याचा खटला कदाचित न्याय्यही असेल. पण तो न्याय्य आहे हे झ्यूसच्या दाखल्याने ठरत नाही, जसा माझ्या मुलाचा निर्णय इकॅरसच्या दाखल्याने चुकीचा ठरत नव्हता. ग्रीक विचारवंतांना ही अडचण पुरती ठाऊक होती. होमर आणि हेसिअड या प्राचीन कवींनी चोरी, व्यभिचार आणि फसवणूक देवांच्या माथी मारली, ही तत्त्वज्ञ झेनोफेनिसची तक्रार तर प्लेटोच्याही आधीची, इ. स. पू. सहाव्या शतकातली आहे.

मग ज्याला जो हवा तो बोध काढावा काय? तसेही नाही, कारण कथेतले तपशील आडवे येतात. झाकण उघडून जगात दुःखे सोडणाऱ्या पॅन्डोराचे उदाहरण घ्या. हेसिअडच्या मूळ काव्यात तिच्याजवळ पेटी नसून मोठा रांजण आहे. पेटी सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाच्या लॅटिन मजकुरातून आली. सगळी दुःखे बाहेर पडली आणि आशा तेवढी आत राहिली, म्हणून माणसाने आशा सोडू नये, असे तात्पर्य आपण सर्रास वाचतो. मीही आशावादी असल्याने मला ते पटते. परंतु दुःखांच्या रांजणात आशा मुळात ठेवली कशाला, आणि ती आत अडकली असेल तर माणसाच्या हाती लागली की त्याच्यापासून दुरावली, याचे उत्तर माझ्या आशावादाला द्यावे लागते. त्याच काव्यात पुढे हेसिअड बजावतो की, पोटाची सोय नसताना गप्पांच्या अड्ड्यावर बसून राहणाऱ्या माणसाला आशेची सोबत बरी नव्हे. आशेवरची माझी श्रद्धा यामुळे गेली नाही. पण ती माझी आहे, हेसिअडची नव्हे, हे मला मान्य करावे लागले.

तेव्हा एवढीच विनंती की, त्या चौकटीत तात्पर्याऐवजी कथेची दुसरी एखादी आवृत्ती किंवा गाळलेला तपशील द्यावा. तात्पर्य द्यायचेच असेल तर ते लेखकाचे मत म्हणून द्यावे. आणि इकॅरसची कथा पुन्हा छापण्याचा योग आला, तर डिडॅलसच्या उपदेशाचे दोन्ही अर्धे भाग छापावेत.

आपला,
एक नियमित वाचक