निपाणीच्या अक्काला, सगळ्यांसमोर

प्रिय अक्का,

परवा गिल्डमधल्या, म्हणजे आमच्या ऑनलाइन खेळाच्या गटातल्या, एका नव्या पोरानं मला एक तक्ता पाठवला. "दादा, डिसिप्लिन प्रीस्ट खेळायचा तर हे पाठ करायला लागतंय," म्हणाला. डावीकडे वेळ, मधे बॉसचा मार, त्याच्या शेजारी 'आधी काय टाकायचं' आणि शेवटच्या रकान्यात 'शिल्लक', म्हणजे माना (जादू करायची शक्ती) किती उरला. हा तक्ता कुणी आखला ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला ज्यानं दिला, त्यालाही नव्हतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. या खेळात तुम्ही एक क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, निवडता आणि वर्षानुवर्षं तोच खेळता. बोटांना सवय लागते. मग एक दिवस पॅच, म्हणजे खेळातला बदल, येतो आणि तीच बटणं वेगळंच काही करायला लागतात, नाहीतर गायबच होतात.

जुलै २०१६ मध्ये, 'लीजन' या विस्ताराच्या आधीच्या पॅचला, माझ्या प्रीस्टचं हेच झालं. प्रीस्ट म्हणजे गटातल्यांना बरं करणारा हीलर, आणि डिसिप्लिन हा त्याचा एक प्रकार. फ्लॅश हील गेलं, प्रेयर ऑफ हीलिंग गेलं. तोवर माझं काम सरळ होतं. ज्याला मार बसणार त्याच्यावर शील्ड घालायचं, आपली जबाबदारी संपली. आता म्हणे आधी आपल्या माणसांवर अटोनमेंट लावायचं आणि मग शत्रूला मारायचं. त्या मारातून ज्यांच्यावर अटोनमेंट आहे त्यांचं रक्त भरणार. हीलरनं मारामारी करायची! शहापुरात बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, राऊटर इन्व्हर्टरवर, आणि मी व्हॉइसवर गिल्डला ऐकवतोय की हा क्लास मेला, मी सोडणार.

बाकीच्यांनी दोन प्रकारचे सल्ले दिले. "पॅलाडिन घे", म्हणजे क्लासच बदल, हा पहिला. "अमुक बटणानंतर तमुक बटण दाब" हा दुसरा. दोन्ही चांगल्या मनानं दिलेले, पण दोन्ही कुचकामी. बटणांचा क्रम मी एका संध्याकाळीत पाठ केला होता, तरी माणसं मरतच होती.

तू तेव्हा काहीच बोलली नाहीस. खरं तर त्या पॅचमध्ये सगळ्यात जास्त तुझं गेलं होतं. तुझा वॉरलॉक डेमोनॉलॉजीचा, इंपसारखे छोटे राक्षस सोडून लढणारा जादूगार. २००८ पासून त्याला राक्षसाचं रूप घेता यायचं, ते मेटामॉर्फसिस काढून नव्या डीमन हंटरला देऊन टाकलं. प्रत्येक क्लासची स्वतःची ओळख ठळक करायची म्हणून हे केलं असं खेळ बनवणारे सांगत होते. माझी दोन बटणं गेली तर मी गाव डोक्यावर घेतलं. तुझं अख्खं रूप गेलं आणि तू विचारत होतीस, "इंप किती सोडता येतात आता?"

सप्टेंबरात एमराल्ड नाइटमेअर ही रेड (सगळ्या गटानं मिळून खेळायची मोहीम) उघडली आणि आपण उर्सॉकपाशी, त्या अस्वलापाशी, अडकलो. युरोपच्या सर्व्हरवर रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे साडेअकरा. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेबारा. अशा वेळी कुणाला शिकवायची हौस असते? रेड सुटल्यावर तू मला थांबवून घेतलंस.

"आरं, रडतोस कशाला? अस्वल कधी वरडतंय ते लिही आधी."

दिवसभर तंबाखूच्या वखारीत जमाखर्च लिहिणाऱ्या बाईनं मग मला प्रीस्ट शिकवला. स्वतः एकदाही प्रीस्ट न खेळता. उर्सॉकची आरोळी सगळ्या गटाला एकदम लागते आणि तिच्या वेळा बांधलेल्या असतात. त्या वेळा आधी लिहायच्या. मग तिथून मागे मोजत यायचं. अटोनमेंट टिकतं १५ सेकंद. दोन चालींमध्ये मूळचं अंतर दीड सेकंद, हेस्ट (पात्राचा वेग) वाढला तर कमी. म्हणजे पहिल्या माणसावरचं अटोनमेंट उतरेपर्यंत हातात साधारण १० चाली. सगळ्या लावण्यात घालवल्या तर मारायला काही उरत नाही. सगळ्या मारण्यात घालवल्या तर मार कुणाच्याच अंगी लागत नाही. प्ली या त्या वेळच्या छोट्या हीलनं जितक्या जास्त जणांवर अटोनमेंट लावत जाल तितकी पुढची प्ली महाग, म्हणून शेवटचा रकाना. आणि लाइट्स रॅथ ही त्या वेळच्या काठीची ताकद, जितक्यांवर अटोनमेंट तितका तिचा मार मोठा, म्हणजे ती सगळ्यात शेवटी.

"तुझं औषध दुखायच्या आधी द्यायचं हाय. दुखल्यावर धावायला बाकीचे हीलर हायत की."

तोवर मी पडद्यावरच्या रक्ताच्या पट्ट्यांकडे बघत बसायचो. कुणाची पट्टी खाली गेली की तिकडे पळायचं, हेच हीलिंग अशी माझी समजूत होती. त्या रात्रीपासून नजर घड्याळावर गेली. अस्वल पडलं त्या दिवशी हीलिंगच्या यादीत मी वरच्या नंबरात नव्हतो आणि त्याचं मला पहिल्यांदाच काही वाटलं नाही. आरोळीनंतर सगळे उभे होते.

तुझ्या मदतीतली आणखी एक गोष्ट मला फार नंतर कळली. मी शिकत होतो त्या आठवड्यांत मला बाहेर बसवावं असं दोघातिघांचं मत होतं. त्यांना तू परस्पर निपटलंस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. तेव्हा कळलं असतं तर मी माझ्याच तोऱ्यात निघून गेलो असतो, हे तू ओळखलं होतंस.

पुढं क्लास बदलतच राहिला. २०१८ मध्ये त्या काठीची ताकद गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये टॅलेंटची झाडं (ताकदी एकेक करून निवडायच्या फांद्या) परत आली, फ्लॅश हीलच्या जागी आलेलं शॅडो मेंड गेलं आणि फ्लॅश हील घरी आलं. प्रत्येक वेळी मी जुना तक्ता बाजूला ठेवून नवा आखला. रकाने तेच, आतल्या नोंदी वेगळ्या. त्या झाडांवरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तुला ती आवडतात, स्वतःच्या मनासारखा क्लास बांधता येतो म्हणतेस. मला वाटतं बटणं फार झाली, दोन हातांना पुरत नाहीत. २०१२ नंतरच्या तीनातून एक निवडायच्या ओळी काय वाईट होत्या?

ऑगस्ट २०२४ मध्ये हीरो टॅलेंट, म्हणजे ताकदींचे आणखी संच, आले आणि डिसिप्लिनसमोर ओरॅकल की व्हॉइडवीव्हर असा प्रश्न पडला. तू हल्ली फारशी येत नाहीस, म्हणून न विचारताच मी व्हॉइडवीव्हर घेतला. त्यावर तुझं काय म्हणणं असेल ते मला माहीत आहे. तरी एका रात्री व्हॉइसवर येऊन सांग. हंगाम संपल्यावर ये, घाई नाही.

अक्का, त्या रात्रींबद्दल आणि त्या न सांगितलेल्या वकिलीबद्दल मनापासून आभार. पोरानं पाठवलेल्या तक्त्याच्या माथ्यावर मी 'आखणी: निपाणीची अक्का' असं लिहून तो सगळ्या गिल्डला परत पाठवलाय. नको असेल तर कळव. काढणार नाही, पण कळव.

तुझा,
शहापूरचा प्रीस्ट